मशीन बंदाय्तु

मला बंगळूरला येऊन तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला कन्नड येतं, असा माझा ठाम समज होता. रिक्षावाल्याला जरा पुढे न्यायला 'स्वल्प मुंदे' म्हणायचं, वाढणाऱ्याला पुरे म्हणून 'साकु' म्हणायचं आणि कुठलीही गोष्ट उरकली की 'आय्तु' म्हणायचं. आय्तु म्हणजे झालं. जेवण आय्तु, काम आय्तु, पगार आय्तु. एवढ्या भांडवलावर मी पुण्याच्या मैत्रिणींना पत्रांतून कन्नडचे धडेही देत असे. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणं कशाला म्हणतात, ते मला एका शुक्रवारी पावणेपाच वाजता कळलं.

ते अठ्ठ्याण्णव साल होतं. इंदिरानगरातल्या एका दुमजली बंगल्यात आमचं ऑफिस होतं. कारखान्यांना लागणारी दातेरी चाकं, म्हणजे गिअर, त्यांची गणितं आणि आराखडे आम्ही करून देत असू. गणितं करणारा प्रोग्राम व्यंकोजीरावांनी एकट्यानं लिहिलेला होता आणि तो चालायचा फक्त वरच्या मजल्यावरच्या एका जुन्या युनिक्स मशीनवर. मशीन इतकं जुनं की त्याचा पंखा सुरू झाला की खालच्या मजल्यावर कळायचं.

व्यंकोजीरावांना सगळे अण्णा म्हणत. वय छप्पन्न. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले ते परत गेलेच नाहीत. अण्णा मराठी बोलत, पण ती आमच्या पुण्याच्या कानाला आधी कन्नड वाटायची, आणि लिहीत ते कन्नड अक्षरांत. मराठी भाषा, कन्नड लिपी. "आमच्या आज्ज्यापासनं असंच हाय," ते म्हणायचे. मशीनवर काम कसं करायचं ते मला त्यांनीच शिकवलं. मी चिडायची, ते चिडत नसत, आणि त्यामुळे मी आणखी चिडायची.

नोव्हेंबरात बसमधून उतरताना अण्णा पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी जूनपर्यंत जिना चढू-उतरू नका म्हणून सांगितलं. मल्लेश्वरमला त्यांचं घर वरच्या मजल्यावर. बायको वारलेली, मुलगा लांब नोकरीला. गंगव्वा दोन वेळा येऊन स्वयंपाक करून जायची, तेवढीच काय ती सोबत. जानेवारीत रजा संपली तेव्हा अण्णांनीच तोड काढली. घरी एक जुना संगणक होता, त्यावर त्यांनी मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं लिनक्स चढवलं, टेलिफोनला मोडेम जोडला आणि इंटरनेटवरून थेट आमच्या मशीनमध्ये शिरले. अंथरुणावर पडून गिअरचे दात मोजू लागले. बाहेरून आत यायचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता, त्यांना आणि मला.

आणि मग मी माती खाल्ली.

जानेवारीतला शेवटचा शनिवार. नागपूरहून माझा मावसभाऊ आला होता आणि त्याच्यासमोर मला मिरवायचं होतं. हंड्रेड फीट रोडवर नवा सायबर कॅफे उघडला होता. तिथे बसून मी म्हटलं, "बघ, इथून मी ऑफिसच्या मशीनमध्ये जाऊ शकते." गेले. माझं एक गणित चालू होतं ते कुठवर आलं ते पाहिलं, बाहेर आले. दोन मिनिटांचं काम. भावानं 'अरे वा' म्हटलं, मी कोल्ड्रिंक मागवलं.

त्या काळी असं आत शिरायला टेलनेट वापरत. टेलनेट म्हणजे भर बसमध्ये मागच्या दारातून पुढच्या कंडक्टरला ओरडून पासवर्ड सांगणं. कंडक्टरला ऐकू जातं, तसंच मधल्या सगळ्यांनाही जातं. त्या कॅफेत मधे कोणीतरी कान देऊन बसलेलं होतं. सोमवारी आम्ही ऑफिसात आलो तर कोणी आगंतुक रविवारभर आमच्या मशीनमध्ये धुडगूस घालून गेला होता. दोन आठवड्यांचे आराखडे पुसलेले, नोंदी पुसलेल्या, आणि वर आमच्या मशीनवरून परदेशातल्या कुणाकुणाची दारं ठोठावलेली. आराखडे टेपवरून परत मिळाले, पण हेड ऑफिसचं कडक पत्र आलं ते आलंच.

आमचे साहेब दयानंद. मूळचे तुमकूरकडचे. ते आणि मी हिंदीत बोलत असू. दोघांचीही ती भाषा नसल्यामुळे भांडणं फार लांबत नसत. त्यांनी सरळ हिशेब मांडला. बाहेरून मशीनमध्ये कोण येतं? अण्णा. म्हणजे पासवर्ड फुटला तो अण्णांच्या घरून.

मी समोर उभी होते. मला ठाऊक होतं. तोंड उघडायचं आणि तीन वाक्यं बोलायची, एवढंच होतं. नाही बोलले. आधी वाटलं साहेब जरा शांत होऊ देत, मग वाटलं दुपारी सांगू, मग वाटलं झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी साहेबांनी मला बोलावून एक टाईप केलेला कागद दाखवला. शुक्रवारी पाच वाजता बाहेरून येणारं टेलनेट कायमचं बंद. अण्णांना ऑफिसात येता येत नाही, रजा उरलेली नाही, तेव्हा मुदतीआधी निवृत्ती. सही तेवढी बाकी होती.

"अण्णा जून में आ जाएंगे, सर," मी म्हटलं.

"जून तक हेड ऑफिस नहीं रुकेगा."

तेव्हा मी एसएसएचचं नाव काढलं. फिनलंडमधल्या एका माणसानं तो प्रोग्राम लिहिला होता. त्याच्याही नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते म्हणे. एसएसएचनं आत गेलं की दोन मशीनमधलं सगळं बोलणं कुलपात जातं. मधल्या कोणी ऐकलं तर त्याच्या कानावर नुसता कचरा. हे आपल्या मशीनवर बसवलं तर अण्णा घरूनच येतील आणि दुसरं कोणी येणार नाही.

"वो मशीन पे चलेगा?" साहेबांनी विचारलं.

"चलेगा," मी ठोकून दिलं. चालेल की नाही याची मला काडीची कल्पना नव्हती.

"फ्रायडे, पाँच बजे," ते म्हणाले आणि कागद खणात ठेवला.

प्रोग्राम उतरवून घ्यायलाच मंगळवार गेला. लाईन तीनदा तुटली. बुधवारी सकाळी मी तो मशीनवर उलगडला. हा प्रोग्राम तयार मिळत नसे, त्याचा मजकूर मिळे. आपल्या मशीनवर तो कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात उतरवायचा, आणि मग बसवायचा. मी हुकूम दिला आणि पडद्यावर चुकांची नुसती रांग लागली. आमच्या मशीनबरोबर आलेला सीसी नावाचा कंपायलर जुन्या वळणाचा होता, त्याला ही नवी भाषाच समजेना. नवा कंपायलर हवा होता. त्याचं नाव जीसीसी. तो उतरवून घ्यायचा तर आणखी तीन दिवस, आणि माझ्याकडे होते अडीच.

अण्णांना फोन केला. "जीसीसी? मी घातलेला हाय की कवाच," ते म्हणाले. "कुठं घातला ते आता आठवत न्हाय गे. वहीत बघ. सगळं वहीत हाय."

वही कपाटात सापडली. जाड, लाल कापडाच्या पाठीची. आत सगळी कन्नड अक्षरं. मला बसवरचे कन्नड आकडे वाचता यायचे तेवढेच. मी ती घेऊन खाली धनलक्ष्मीकडे गेले. ती रिसेप्शनला बसायची, तिचं शिक्षण सगळं कन्नडमध्ये. तिनं पान उघडून वाचायला सुरुवात केली आणि थांबली.

"अक्का, ये कन्नडा नहीं है."

"अक्षर तो कन्नड है ना? तुम सिर्फ पढ़ो."

मग तिनं वाचलं, शाळेत पाठ म्हणतात तसं, एकाही शब्दाचा अर्थ न कळता. "सी-सी-ला इचारू नको. ते थेरडं हाय. त्याला कायबी कळत न्हाय." मला हसू फुटलं. धनलक्ष्मी घाबरली, आपण काही वाईटसाईट वाचलं की काय म्हणून. मी म्हटलं, पुढे वाच. बोटानं ओळ धरून तिनं पुढे वाचलं, "जी-सी-सी मामाच्या घरी हाय. भाच्यानं जाऊन घेयाचं."

"मामाच्या घरी?" मी म्हटलं. "कुठल्या मामाच्या?"

"मुझे क्या मालूम, आपका मामा," धनलक्ष्मी म्हणाली.

जिना चढता चढता माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या मशीनला दोन डिस्क होत्या. एकीचं नाव काका, दुसरीचं मामा. तीन वर्षं मी ही नावं इंग्रजी अक्षरांत बघत होते आणि ती कुठल्यातरी तांत्रिक शब्दांची संक्षिप्त रूपं असावीत असं धरून चालले होते. एकदा तर नव्या मुलीला मी 'मामा'चा अर्थ समजावूनही दिला होता, मेमरी मॅनेजमेंट वगैरे. मी मामाच्या घरात शिरले. जीसीसी तिथे जागच्या जागी होता. संध्याकाळपर्यंत एकही चूक न दाखवता एसएसएच कंपाइल झालं, आणि मी खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं "मामा, उपकार झाले" म्हणाले. साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढून पाहिलं.

घरच्या संगणकावरही एसएसएच लागणार होतं. गुरुवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी तीन फ्लॉप्या घेऊन मल्लेश्वरमला गेले.

अण्णा पलंगावर उताणे, पाय प्लास्टरमध्ये, पोटावर उलटा पोळपाट आणि पोळपाटावर कीबोर्ड. गंगव्वा कुरकुरत होती. पोळपाट परत मिळाल्याशिवाय तिला चपात्या करता येत नव्हत्या.

"ये गे सुचेताम्मा. बस. गंगव्वा, स्वल्प काफी कोडु."

"अण्णा, तीन फ्लॉप्या आहेत. क्रमानं टाका हं. एक, दोन, तीन."

"मी काय आज मशीन बघतोय काय?" ते म्हणाले आणि दुसरी फ्लॉपी आधी टाकली. मी ती काढून पहिली टाकली. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्यांच्या चेहऱ्यावर हाडं दिसू लागली होती. उशाशी गिअरचे आराखडे, औषधं, चष्म्याचं घर. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची, बाकी काही नाही. ह्या माणसाला जूनपर्यंत ती भिंत बघत बसायला लावायचं, आणि तेही मी कोल्ड्रिंक पीत मिरवले म्हणून. मला स्वतःचा राग आला आणि मी कॉफी नुसती ढवळत बसले.

"साहेब काय म्हनतात त्या चोरीचं?" त्यांनी विचारलं.

"म्हणतात, तुमच्या घरून पासवर्ड गेला."

"सरी, बरं हाय. म्हनू दे." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला काय म्हनायचं हाय?"

"मला? मला काय म्हणायचंय. काही नाही."

"सरी," अण्णा म्हणाले आणि पडद्याकडे वळले.

खाई त्याला खवखवे. मी कप खाली ठेवला आणि उगाच घड्याळ बघितलं. मग आम्ही ठरवलं ते असं: शुक्रवारी साडेचारला अण्णा घरून प्रयत्न करतील. त्यांच्या एकुलत्या टेलिफोनला मोडेम जोडलेला, म्हणजे तेव्हा त्यांना फोन करता येणार नाही. ते मशीनमध्ये पोचले की गंगव्वा खालच्या टेलिफोन बूथवरून आम्हाला कळवेल.

शुक्रवारी दुपारी मी एसएसएच बसवायला घेतलं. आधी मशीनला स्वतःची किल्ली घडवावी लागते. फार मोठे दोन आकडे शोधून त्यांचा गुणाकार करायचा, तो करतो मशीनच. पण आमचं मशीन म्हातारं. पडद्यावर एक ठिपका उमटायचा, मग थांबून दुसरा, मग तिसरा. मल्लेश्वरमला सकाळी दारोदारी बायका रांगोळीचे ठिपके घालतात तसं चाललेलं, फक्त ही बाई फार आळशी. मी ठिपक्यांकडे टक लावून बसले. दहाएक मिनिटांनी किल्ली झाली. मी शेजारच्या संगणकावरून एसएसएचनं आत जाऊन पाहिलं. मशीननं दार उघडलं. बाहेर आले, पुन्हा गेले. पुन्हा उघडलं. तीनदा केलं.

चार वाजता साहेबांनी बाहेरच्या जगाकडे जाणारं बावीस नंबरचं दार उघडलं. एसएसएच तिथून येतं. टेलनेट येतं शेजारच्या तेवीस नंबरनं. ते पाच वाजता बंद होणार होतं. साहेबांच्या टेबलावर तो टाईप केलेला कागदही मी पाहिला. पेन शेजारीच.

साडेचारला मी पडद्यासमोर बसले. चार चौतीसला वीज गेली.

बंगळूरला वीज जाणं ही बातमी नव्हती. मशीन आणि राऊटर यूपीएसवर होते. पडद्याला तिथे जागा नव्हती, त्यामुळे माझ्यासमोर काळी काच. आत काय चाललंय ते दिसायची सोय राहिली नाही. त्यात यूपीएसची बॅटरी कुचकामी. गेल्या महिन्यात दोनदा दहा मिनिटांत तिनं मान टाकली होती. मी खाली फोनपाशी जाऊन बसले. धनलक्ष्मी मेणबत्ती शोधायला आत गेली.

पावणेपाचला फोन वाजला. मागून बस, हॉर्न, कोणीतरी भांडतंय, आणि ह्या सगळ्यावर गंगव्वाचा आवाज.

"अक्का, नानु गंगव्वा! अण्णावरु हेळिद्रु, मशीन बंदाय्तु!"

"काय? बंद?"

"हौदु अक्का! बंदाय्तु, बंदाय्तु!"

फोन कट झाला.

अण्णांनी सांगितलंय, इतपत कळलं. आय्तु म्हणजे झालं, हे मला येत होतं. बंद म्हणजे बंद, ते तर मराठीच. मशीन बंद झालं. बॅटरीनं मान टाकली. अण्णा अर्ध्या वाटेत असताना दार त्यांच्या तोंडावर आपटलं. मी त्यांच्या घरी फोन लावला. गुंतलेला. पुन्हा लावला. गुंतलेला. बिचारे पुन्हा पुन्हा डायल करताहेत, मला वाटलं, आणि पलीकडे मशीनच नाही. घड्याळात पाचला तेरा मिनिटं. यूपीएस तेरा मिनिटांत सुधारत नसतो.

मी जिन्याकडे धावले. अर्ध्या जिन्यात साहेब टॉर्च घेऊन खाली येत होते. टॉर्च माझ्या तोंडावर.

"आ गया क्या, अण्णा?"

"नहीं सर. मशीन बंद हो गया."

ते काही बोलायच्या आत माझं तोंड सुरू झालं. ठरवून नाही. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं, निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. पासवर्ड अण्णांच्या घरून गेला नाही. मी गेले होते, शनिवारी, कॅफेतून. भावाला दाखवायला. तिथेच कोणीतरी ऐकला. मला सोमवारीच कळलं होतं आणि मी गप्प बसले. सही करायची असेल तर माझ्या कागदावर करा, अण्णांच्या नको. त्या माणसाचं त्या मशीनशिवाय काही नाहीये, सर.

बोलून झालं आणि मी कठडा धरून उभी राहिले. सगळं हातचं गेलं होतं. अण्णांची नोकरी, बहुधा माझीही. तरी मला हलकं वाटत होतं. लाजच वाटली त्याची, पण होतं ते असं होतं. बारा दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास आला.

साहेबांनी टॉर्च विझवला आणि मान वर केली.

"मॅडम, मशीन बंद है तो ये आवाज किसका है?"

मी ऐकलं. वीज गेल्यामुळे सगळा बंगला चिडीचूप होता, आणि त्यात वरून घर्रर्र असा तो पंखा ऐकू येत होता. म्हातारं मशीन मजेत चाललं होतं.

"बंद हुआ, ये किसने बोला?"

"गंगव्वा ने. फोन पर."

"क्या बोली? एक्झॅक्टली बोलो."

"मशीन बंदाय्तु," मी म्हटलं.

साहेब जिन्यातच बसले. आधी मला वाटलं त्यांना काही झालं. मग कळलं, ते हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत हसत होते. खालून धनलक्ष्मी मेणबत्ती घेऊन आली, तिला त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, आणि ती मेणबत्तीसकट हसायला लागली.

"बंद आय्तु नहीं, मॅडम. बंदाय्तु! बंदु, आय्तु. मतलब, अण्णा मशीन में आ गया! आके हो गया!"

मला ते लगेच शिरलंच नाही. मग शिरलं. गुंतलेला फोन. अण्णा डायल करत नव्हते, अण्णा आत होते. फोन गुंतला होता कारण ते आमच्या मशीनमध्ये बसले होते. मीही साहेबांच्या एका पायरीखाली बसले आणि रडले. दोघं हसताहेत आणि मी रडतेय. धनलक्ष्मीनं मेणबत्ती खाली ठेवून आपला रुमाल दिला.

जरा वेळानं साहेब उठले. हसू गेलं होतं.

"लेकिन तुमने जो बोला, वो मैंने सुन लिया," ते म्हणाले. उद्या सगळं लेखी द्यायचं. हेड ऑफिसच्या पत्रातून अण्णांचं नाव निघेल आणि माझं जाईल. आणि सहा महिने ह्या मशीनचा कुठलाही नवा पासवर्ड मला मिळणार नाही. लागेल तेव्हा अण्णांना विचारायचं. मी "यस सर" म्हटलं. शिक्षा ऐकून इतकं बरं मला आधी कधी वाटलं नव्हतं. पाच वाजता त्यांनी तेवीस नंबरचं दार बंद केलं. तो टाईप केलेला कागद चार घड्या करून त्यांनी खिशात घातला, आणि सोमवारी मी त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांना गिअरचं चित्र काढताना पाहिलं.

सव्वापाचला वीज आली. तोवर त्या कुचकामी बॅटरीनं कसा तग धरला, देव जाणे. पडदा हळूहळू उजळला. मी उठून गेले तेव्हा जे उघडं ठेवलं होतं ते तसंच होतं, आणि त्याखाली अण्णांचे निरोप एकाखाली एक साठले होते, इंग्रजी अक्षरांतली त्यांची मराठी.

चार एकेचाळीस: आलो.

चार बेचाळीस: सुचेताम्मा, आलो गे.

चार एक्कावन्न: गंगव्वा सांगून आली. म्हनते अक्का खुश न्हाय झाली. का गे?

पाच तीन: हाईस का न्हाईस?

मी खुर्ची ओढली. फोन करून सांगता आलं असतं, पण ते आत होते, आणि आता आमच्या दोघांच्या मधे कान देणाऱ्याला एक अक्षर कळणार नव्हतं. मी लिहिलं, "अण्णा, त्या शनिवारी कॅफेतून मी आत आले होते. पासवर्ड माझ्यामुळे गेला. सरांना सगळं सांगितलं."

मी नख खाल्लं. मग त्यांचं उत्तर आलं, सावकाश, एकेक ओळ.

"शनवारी बाराला मी दवाखान्यात, खुर्चीत उचलून नेलेला. प्लास्टर बदलत होते."

"सांजेला घरी येऊन आत आलो. मशीन म्हनतं, मागचं येणं आज बारा दहाला, तुझं गणित उघडून बघितलेलं."

"दोघांनाच पासवर्ड ठावं. मी तर टेबलावर. आनि चोर कशाला तुझं गणित बघून जातोय?"

मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला त्यांचा असा राग आला की बोटं कीबोर्डवर आपटली. "ठाऊक होतं तर बोलला का नाहीत? दवाखान्याचा कागद दाखवला असता तर सुटला असतात! नोकरी जात होती तुमची!"

"तू बोलशील म्हनून वाट बघत होतो," अण्णांनी लिहिलं. मग थोडं थांबून आणखी एक शब्द आला.

"बंदाय्तु."

ह्या खेपेला मी तो बरोबर वाचला.